वायरवर निथळलं, प्रेसमध्ये अडलं

गिरणी कागदाची, कच्चा माल सगळा रद्दी पुठ्ठा. त्यातून निघायचं फ्लूटिंग, म्हणजे नालीदार खोक्याच्या दोन थरांमध्ये लाटांसारखा बसतो तो कागद. मशीन साधं, एका वायरचं, म्हणजे लगदा निथळायच्या एकाच फिरत्या जाळीचं, आणि साइझ प्रेस नसलेलं. त्यामुळे तयार कागदावर वरून स्टार्च चढवून ताकद वाढवायची सोय नव्हती. जी काही ताकद यायची ती लगद्यातूनच. तक्रारी दोन होत्या आणि जोडीनेच आल्या होत्या. रिंग क्रश, म्हणजे कडेवर दाब सोसायची ताकद, आणि बर्स्ट, म्हणजे दाबाने फुटेपर्यंतची ताकद, दोन्ही घसरली होती, आणि मशीनचा वेग ड्रायरपाशी अडला होता. कागद वाळवणाऱ्या सगळ्या सिलिंडरांना पूर्ण वाफ दिली तरी रीलवर, म्हणजे शेवटी गुंडाळला जातो तिथे, कागद ओलसर यायचा, मग वेग उतरवावा लागायचा.

मी तेव्हा गिरणीच्या प्रयोगशाळेत वेट-एंडचं, म्हणजे मशीनच्या ओल्या टोकाकडच्या रसायनांचं, काम पाहत होते. उत्पादनाचे नेमके आकडे गिरणीचे आहेत, ते इथे देत नाही. पुढे जे आकडे येतील ते या धंद्यात सर्रास चालणारे, किंवा साध्या भागाकाराने निघणारे आहेत.

आधी तो भागाकारच करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हेडबॉक्समधला, म्हणजे वायरवर सोडला जाणारा, लगदा साधारण १ टक्क्याचा धरा. म्हणजे १ किलो तंतूंमागे ९९ किलो पाणी. वायर संपते तिथे, कूच या व्हॅक्यूमने पाणी ओढणाऱ्या रोलवर, कोरडेपणा २० टक्के झाला तर त्याच किलोमागे ४ किलो पाणी उरतं. ९५ किलो वायरनेच काढून टाकलं. प्रेसमधून, म्हणजे दाबून पाणी काढणाऱ्या रोलांमधून, कागद ४२ टक्क्यांवर बाहेर पडला की उरतं १.३८ किलो, आणि ते वाफेवर उडवायचं. आता प्रेसनंतरचा कोरडेपणा ४२ चा ४३ झाला असं समजा. उरलेलं पाणी १.३८ वरून १.३३ वर येतं. फरक पन्नासेक ग्रॅमचा, पण ड्रायरच्या कामातला तो जवळजवळ ४ टक्के वाटा आहे. ड्रायरपाशी अडलेल्या मशीनला तेवढाच वेग मोकळा होतो. म्हणून निथळ वाढवणाऱ्या रसायनाने वायरवर किती पाणी पळवलं, यापेक्षा प्रेसच्या पलीकडे कागद किती कोरडा गेला हे बघायचं असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मशीनसमोर उभी राहिल्यावर मी ते विसरले.

ताकद घसरल्यावर गिरणीने जे केलं ते कुठलीही गिरणी करेल. रिफायनरचा भार वाढवला. नव्या लाकडाच्या लगद्यावर हा उपाय लागू पडतो: तंतू कुटला जातो, फुगतो, त्याच्या अंगावर बारीक धागे सुटतात, शेजारच्या तंतूला तो जास्त जागी चिकटतो. पण रद्दीतला तंतू एकदा, अनेकदा वाळून आलेला असतो. वाळताना त्याच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि पुन्हा पाण्यात घातलं तरी पूर्वीइतकी उघडत नाहीत. याला हॉर्निफिकेशन म्हणतात, तंतू शिंगासारखा कडक होणं. गेऑर्ग यायमे या जर्मन संशोधकाने १९४४ मध्ये हे मांडलं. असा तंतू कुटला की थोडा फुगतो, पण तुटतो जास्त, आणि बारीक चुरा वाढतो. वजनाच्या मानाने या चुऱ्याचं अंग प्रचंड मोठं. तो पाणी धरून बसतो आणि तंतूंमधल्या वाटाही बुजवतो. त्यामुळे ताकद थोडी वर आली आणि निथळ पार बसली. वायरवरची ड्राय लाइन, म्हणजे लगद्यावरची पाण्याची चकाकी संपते ती रेषा, वायरखालून व्हॅक्यूमने पाणी ओढणाऱ्या सक्शन बॉक्सच्या शेवटाकडे सरकली.

मग मला विचारलं गेलं, आणि मी सल्ला दिला: कॅटायनिक पॉलिअॅक्रिलामाइडचा डोस वाढवा. हे पॉलिमर म्हणजे लाखो-कोटींच्या रेणुभाराच्या लांबलचक साखळ्या. तंतू, चुरा, फिलर म्हणजे कागदातली खनिज पूड, सगळ्यांवर पाण्यात ऋण विद्युत भार असतो. धन भाराची ही साखळी एकाला इकडून, दुसऱ्याला तिकडून धरते आणि त्यांचे पुंजके बनतात. चुरा पुंजक्यात अडकला की पाण्याला वाट मिळते. नेहमीचा डोस टनामागे १०० ते ४०० ग्रॅमच्या घरातला. माझा पुरावा होता एसआरचा, म्हणजे शॉपर-रिगलर अंकाचा; तो जितका कमी तितकी निथळ जलद. शॉपर-रिगलर चाचणीत २ ग्रॅम तंतू १ लिटर पाण्यात घेतात, जाळीवर सोडतात आणि आडव्या नळीतून किती पाणी बाहेर आलं ते वाचतात. पॉलिमर घालून चार वेळा ढवळलं की एसआर धाडकन खाली यायचा. आलेख इतका सरळ होता की मी तो दाखवला आणि डोस वाढवून घेतला.

वायरवर खरंच फरक दिसला. ड्राय लाइन मागे आली, हेडबॉक्सच्या दिशेने. दोन शिफ्ट सगळे खूश होते. तिसऱ्या शिफ्टला मशीनमन प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, वायरवर पाणी पळतंय, पण ड्रायरला काही सांगून उपयोग नाही. आणि कूचचा व्हॅक्यूम बघा." मी गेले. कूचच्या गेजचा काटा रोजच्या जागेपेक्षा खाली होता, पंप तोच, व्हॉल्व्ह तसाच. कूचनंतर कडेची ट्रिम जिथे खाली पडते तिथली चिंधी त्यांनी उचलून माझ्या हातात दिली. मुठीत दाबली तर बोटांमधून पाणी आलं. नंतर रीलचा नमुना उजेडासमोर धरला तर कागद ढगाळ: इथे जाड गठ्ठा, शेजारी जवळजवळ आरपार. आणि रिंग क्रश आधीपेक्षाही खाली.

एसआरच्या भांड्यात आणि मशीनवर काय वेगळं आहे, हे त्या ढगाळ कागदाने मला दाखवलं. भांड्यात लगदा ०.२ टक्क्यांचा, पाणी नुसतं वजनाने खाली जातं, व्हॅक्यूम नाही, घुसळण नाही. मशीनवर लगदा पाचपट दाट आणि पाणी काढायला मिळतात काही सेकंद. त्यातला शेवटचा टप्पा पूर्णपणे व्हॅक्यूमचा. मोठे पुंजके असले की त्यांच्यामधल्या फटींतून पाणी भराभर पळतं. ते भांड्यातही दिसतं, वायरवरही दिसतं. पण पुंजक्याच्या पोटातलं पाणी आतच राहतं. सक्शन बॉक्सवर आलं की त्याच फटींतून हवा आत शिरते, व्हॅक्यूम मोडतो, आणि पोटातलं पाणी ओढायला जोर उरत नाही. प्रेसमध्येही तेच: जाड गठ्ठ्यावर सगळा भार, पातळ जागी पाणी टिपणाऱ्या फेल्टला नुसता स्पर्श. ढगाळ कागद कमजोर जागीच तुटतो, म्हणून ताकदही जाते. आम्ही त्यावर आणखी रिफायनिंग केलं असतं, मग आणखी पॉलिमर. त्या चक्राची अर्धी फेरी तर पूर्ण झालीच होती.

डोस मागे घेतला. मग चाचणीच बदलली. महागडं उपकरण हाताशी नव्हतं. बुखनर फनेलमध्ये वायरच्या कापडाची चकती बसवली, खाली व्हॅक्यूम फ्लास्क, गेज आणि स्टॉपवॉच. मशीनवर असतो तितका दाट लगदा यांत्रिक ढवळणीत जोरात घुसळून ओतायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: थरातून हवा आरपार फुटायला किती सेकंद लागले, फुटल्यावर व्हॅक्यूम किती उरला, आणि चकतीवरचा ओला थर तोलून, वाळवून, त्याचा कोरडेपणा. तिसरा आकडा मला हवा होता. जास्त पॉलिमरच्या नमुन्यात पाणी सगळ्यात आधी गेलं, हवा सगळ्यात आधी फुटली, आणि थर सगळ्यात ओला निघाला. मशीनवर दिसलं होतं तेच टेबलावर दिसलं. यापुढे कुठलंही रसायन आधी या फनेलमधून गेलं.

पण एक कोडं उरलं होतं. मुळात इतका पॉलिमर लागावा का? आमचा डोस पहिल्यापासूनच नेहमीच्या वरच्या टोकाला होता. बॅकवॉटर, म्हणजे वायरखाली निथळून पुन्हा वापरात येणारं पाणी, गाळून कॅटायनिक डिमांड मोजली. प्लास्टिकच्या छोट्या पेल्यात प्लास्टिकचा दांडा वरखाली होतो, पाण्यातल्या भारित रेणूंमुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तो शून्यावर येईपर्यंत पॉलिडॅडमॅक या धन भाराच्या पॉलिमरचे थेंब टाकत जायचं. जितकं पॉलिडॅडमॅक लागलं तितका ऋण भाराचा कचरा पाण्यात आहे. आमच्या पाण्यात थेंबांमागून थेंब पडत राहिले, काटा ऋणातच. दुसऱ्यांदा पातळ करून मोजावं लागलं.

हा कचरा म्हणजे डोळ्यांना दिसणारी घाण नव्हे. खोक्यांच्या कागदातलं ऑक्सिडाइज्ड स्टार्च, लिग्निनचे तुकडे, शाईतले आणि लेपातले डिस्पर्संट, असं पाण्यात विरघळलेलं किंवा तरंगणारं सगळं. धन भाराचं कुठलंही रसायन टाकलं की तंतूपर्यंत पोचण्याआधी हेच त्याला गिळतं. पाण्याचं चक्र जितकं बंद, तितका हा साठा मोठा.

उगम सापडला तो नाकाने. ब्रोक चेस्टचं, म्हणजे मशीनवरच वाया गेलेला कागद पुन्हा वापरायला साठवतात त्या टाकीचं, झाकण उघडलं तर आंबट, डोकं उठवणारा वास आला. मशीनचा वेग कमी झाल्यापासून ब्रोक जास्त दिवस पडून राहत होता आणि बॅकवॉटरच्या टाकीतलं पाणीही संथ झालं होतं. पडून राहिलेल्या पाण्यात जिवाणू स्टार्च फोडतात आणि त्याचं सेंद्रिय आम्ल करतात. त्याने पीएच उतरतो. पीएच उतरला की रद्दीतून आलेलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, कॅल्शियम पाण्यात येतं, कंडक्टिव्हिटी, म्हणजे विद्युतवाहकता, चढते, आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपात लगद्यात अडकतो. खारट पाण्यात पॉलिमरची पसरलेली साखळी आकसते, तिचा हात लांब पोचत नाही. अडकलेले बुडबुडे निथळीची वाट अडवतात. म्हणजे वेग उतरला म्हणून पाणी आंबलं, आणि पाणी आंबलं म्हणून वेग आणखी उतरला. पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर दोन्ही प्रयोगशाळेत होते. नोंदी रोज होत होत्या, पण त्या निथळीच्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या नव्हत्या. मीही नाही.

इथून पुढचा क्रम मी मुद्दाम धीमा ठेवला. एका वेळी एकच बदल, आणि बदल स्थिरावेपर्यंत दुसरा नाही. बंद चक्रात पाण्याला नवा समतोल गाठायला वेळ लागतो. त्याआधी वाचलेला आकडा जुन्या पाण्याचा असतो.

पहिला बदल रसायनाचा नव्हताच. चेस्ट रिकामे करून धुतले, ब्रोकची पातळी खाली ठेवून तो सतत थोडाथोडा वापरायचा ठरवलं, आणि बायोसाइड पल्परला, म्हणजे रद्दीचा लगदा करणाऱ्या टाकीला, जाणाऱ्या पाण्यातच सोडलं, म्हणजे स्टार्च सुटतं तिथेच जिवाणूंना आवर बसावा. पीएच हळूहळू तटस्थाजवळ आला, वास गेला, कॅटायनिक डिमांड उतरली. रिफायनरला हात लावला नव्हता, पॉलिमरही तेवढाच, तरी ड्राय लाइन हलली. हे मला सगळ्यात जास्त समाधान देणारं होतं, आणि याचं श्रेय चेस्ट धुणाऱ्या माणसांना आहे.

दुसरा बदल फिक्सेटिव्हचा: कमी रेणुभाराचा, पण धन भार खच्चून भरलेला पॉलिअमाइन, दाट लगद्यात, मिक्सिंग चेस्टनंतर. उरलेला कचरा त्याने तंतूला बांधून कागदाबरोबर बाहेर न्यायचा. यात अतिरेक धोक्याचा. गरजेपेक्षा जास्त झाला तर तंतूंचाच भार उलटतो, मग सगळं एकमेकांना ढकलायला लागतं आणि निथळ पुन्हा बसते. आम्ही डिमांड शून्यावर नेली नाही. थोडी ऋण बाजूलाच राहू दिली, म्हणजे पुढच्या धन रसायनांना बसायला जागा राहते.

तिसरा बदल पुंजक्यांचा. तोवर पॉलिमर लगदा गाळणाऱ्या प्रेशर स्क्रीननंतर, हेडबॉक्सच्या अगदी तोंडाशी पडत होता. म्हणून पुंजके मोडायला संधीच नव्हती. तो स्क्रीनच्या आधी नेला आणि डोस निम्म्याच्या आसपास आणला. स्क्रीनच्या घुसळणीत मोठे पुंजके फुटतात, तुटक्या साखळ्यांची टोकं तंतूंवर राहतात. स्क्रीननंतर बेंटोनाइट सोडलं. ही माती पाण्यात नीट फुगली की तिचे साधारण १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटतात, ऋण भाराचे, आणि ते त्या धन टोकांना पुन्हा जोडतात. होणारे पुंजके लहान, घट्ट, एकसारखे. याच तत्त्वावर कोलॉइडल सिलिकाही चालते. आमच्या मळक्या पाण्यात फनेलने बेंटोनाइटच्या बाजूने कौल दिला. उजेडासमोर कागद धरला तर ढग विरळ झाले होते. कूचचा काटा वर चढला. यात एक दिवस वाया गेला, कारण बेंटोनाइट भिजायला पुरेसा वेळ दिला नव्हता आणि न फुगलेली माती लगद्यात नुसती वाळूसारखी फिरली. पॉलिमरच्या टाकीतही जेलचे गोळे दिसत होते. पावडर एकदम ओतली जात होती. फीडर दुरुस्त केला, विरघळायला पाऊण तास द्यायचा नियम केला, आणि तेवढ्यानेच डोस आणखी थोडा उतरवता आला.

आता ताकद. जुन्या रजिस्टरमध्ये काही महिन्यांपूर्वीची एक नोंद होती: ग्लायऑक्सलेटेड पॉलिअॅक्रिलामाइडची ट्रायल, शेरा "उपयोग नाही". हे पॉलिमर छोटं असतं, त्यावर ग्लायऑक्सल जोडून अल्डिहाइडचे गट बसवलेले असतात. कागद वाळताना ते गट सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी हेमिअसिटल बंध करतात, म्हणजे तंतू-तंतूंमधल्या नैसर्गिक हायड्रोजन बंधांच्या जोडीला रासायनिक टाके. पाण्यात हे टाके हळूहळू उसवतात, म्हणून ब्रोक पुन्हा लगदा करायला त्रास होत नाही. हाच त्याचा आणि कायमची ओली ताकद देणाऱ्या एपिक्लोरोहायड्रिन रेझिनचा मोठा फरक. शिवाय हे रसायन चुऱ्याला तंतूला बांधतं, आणि दाबल्यावर थर पाणी लवकर सोडतो. ताकद आणि प्रेसची निथळ, दोन्ही एकाच डोसात. पण त्याला पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून घ्यायची ताकद, सोसत नाही आणि ऋण कचरा त्याला गिळतो. ती ट्रायल झाली तेव्हा आमचं पाणी दोन्ही अर्थांनी वाईट असणार. पुरवठादाराला दोष देऊन तो विषय बंद झाला होता.

ती ट्रायल पुन्हा करायला वरिष्ठ सहज तयार झाले नाहीत. ते स्वाभाविक होतं. मी फनेलच्या नोंदी आणि हाताने बनवलेल्या शीट समोर ठेवल्या. त्यात एक शीट जुन्या पाण्यातली होती, साठवून ठेवलेल्या आंबट नमुन्यातली. तीच मात्रा, तेच रसायन. जुन्या पाण्यातल्या शीटमध्ये ताकद हलली नव्हती, नव्यात हलली होती. परवानगी मिळाली. माल ताजा मागवला, कारण हे द्रावण साठवणीत स्वतःशीच जुळत जातं, दाट होतं, शेवटी जेल बनतं. डोस टनामागे कोरडा १ किलोपासून सुरू करून पायरीपायरीने वर नेला. २ किलोनंतर फायदा सपाट झाला, तिथे थांबलो.

रिंग क्रश वर आल्यावरच रिफायनरचा भार उतरवायला घेतला. ही पायरी विसरली जाते. ताकद रसायनाने मिळवली आणि रिफायनर तसाच कुटत राहिला तर निथळीचा अर्धा फायदा चुऱ्यात जातो. मशीनमननी भार एकेक पायरी उतरवला, प्रत्येक पायरीला दोन रील थांबून. तिसऱ्या पायरीला प्रेसनंतर तोडलेल्या नमुन्याचा कोरडेपणा स्पष्ट वर आला, पहिल्या ड्रायर गटाची वाफ त्यांनी स्वतःहून कमी केली, आणि मग वेग वाढवला. चौथ्या पायरीला ताकद खाली येऊ लागली, म्हणून तिसरीवर परत आलो. तिथेच मशीन राहिलं.

रजिस्टरमधल्या त्या जुन्या शेऱ्याखाली मी लिहिलं: "पाण्याचा चार्ज आणि अल्कलिनिटी मोजली नव्हती." माझ्या वाढीव डोसच्या नोंदीखालीही लिहिलं: "फक्त एसआरवर ठरवलं, कूचचा व्हॅक्यूम पाहिला नाही."

एक गोष्ट अजून हाताने करावी लागते. पल्परमध्ये वेगळ्या गठ्ठ्यांची रद्दी पडली की कॅटायनिक डिमांड एका शिफ्टच्या आतच हलते, आणि फिक्सेटिव्हचा पंप आपोआप तिच्यामागे जात नाही. म्हणून दर चार तासांनी बॅकवॉटरचा नमुना येतो, गाळला जातो, पेल्यात दांडा वरखाली होतो, आणि आकडा फळ्यावर लिहिला जातो. रात्रपाळीत तो नमुना राहून गेला तर सकाळी कूचच्या काट्यावर आधी कळतं.